मनगटातून अँजिओग्राफी झाल्यावर रक्त थांबवणं

आजकाल अँजिओग्राफी (हृदयाच्या धमन्यांत अडथळा आहे का ते बघणं), अँजिओप्लास्टी (तो अडथळा उघडणं) बऱ्याचदा मनगटातूनच करतात. अंगठ्याच्या बाजूला जी नाडी लागते, वैद्य बोटं ठेवून बघतात तीच, ती रेडियल धमनी. तिच्यात शीथ नावाची बारीक नळी घालतात, काम झालं की काढतात आणि मग त्या भोकातून रक्त येऊ नये म्हणून मनगटावर दाब ठेवतात. नातेवाईकांना वाटतं ऑपरेशन झालं, सुटलो, पण ती नाडी पुढे चालू राहणार की बंद पडणार हे बरंचसं या पुढच्या दोन-चार तासांत ठरतं.

धमनीतलं रक्त जोरात येतं, त्यात प्रोसिजरच्या वेळी हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, दिलेलं असतं, म्हणून रक्त तपासायला दिल्यावर कापूस दाबून धरतो तसं इथे भागत नाही. बरी गोष्ट ही की ही धमनी कातडीच्या लगेच खाली असते आणि तिच्यामागे हाड असतं, त्यामुळे दाबली की दबते. जांघेतून केलं तर पाय सरळ ठेवून कितीतरी तास पडून राहावं लागतं, मनगटवाला पेशंट थोड्या वेळात उठून चहा पितो. मॉन्ट्रियलच्या ल्यूसियन काँपो यांनी १९८९ मध्ये मनगटाच्या वाटेने केलेल्या अँजिओग्राफी मांडल्या, १९९२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला फर्डिनांड कीमेनेय यांनी अँजिओप्लास्टीही इथूनच केली.

दाबासाठी पट्ट्या बऱ्याच प्रकारच्या मिळतात, जास्त माहितीचा टेरुमो कंपनीचा टीआर बँड. पारदर्शक पट्टा, आत फुगा, त्यावर हिरवी खूण, ती भोकाशी जुळवायची आणि सिरिंजने साधारण १३ ते १५ मिली हवा भरायची, जास्तीत जास्त १८. सुई तिरकी गेलेली असते म्हणून धमनीतलं भोक कातडीवरच्या भोकापेक्षा किंचित कोपराकडे असतं, दाब तिथे पडायला हवा.

आता खरा मुद्दा, कारण इथेच चुकतं. जितका घट्ट तितकं सुरक्षित असं बिलकुल नाही. रक्त थांबेल इतकाच दाब हवा आणि खालून नाडी वाहती राहायला हवी. म्हणून बँड फुगवल्यावर सिस्टर हवा थोडी थोडी काढत जातात, भोकाशी रक्ताचा एक थेंब चमकला की १-२ मिली परत भरतात आणि तिथेच थांबतात. मग अंगठ्याला ऑक्सिमीटर लावून करंगळीच्या बाजूची अल्नर धमनी बोटाने दाबायची, तरी स्क्रीनवर लाट दिसली तर रेडियल चालू आहे. याला पेटंट हिमोस्टॅसिस म्हणतात, म्हणजे धमनी खुली ठेवून रक्त थांबवणं. समीर पंचोली आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासात असं केल्यावर २४ तासांनी नाडी बंद पडलेली सापडण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. अल्नरचं रक्त हाताला पुरतं म्हणून बंद पडलेलं पेशंटला बहुतेक वेळा कळतच नाही, पण पुढच्या वेळी ती वाट गेलेली असते, आणि बायपाससाठी किंवा डायलिसिसच्या फिस्तुलासाठीही (धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) ती धमनी कामाची राहत नाही, म्हणून दोन मिनिटं जास्त घालवून हे बघायलाच हवं.

साध्या अँजिओग्राफीनंतर दोनेक तासांत हवा टप्प्याटप्प्याने काढून पट्टा सोडतात, अँजिओप्लास्टी असेल तर जास्त वेळ, दवाखान्यागणिक फरक असतो. त्या हाताने काही दिवस बादली, पिशवी उचलायची नाही.

घरी रक्त आलंच तर खाली बसा, भोकावर आणि किंचित वर, कोपराच्या बाजूला, दोन बोटांनी घट्ट दाबा, १० मिनिटं, मधेच उचलून बघू नका. थांबलं नाही किंवा चिळकांडी उडत असेल तर दाब तसाच ठेवून १०८ ला फोन करा. स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवलेला असेल तर घाबरून रक्त पातळ करायच्या गोळ्या मनाने बंद करू नका, स्टेंटच बंद पडू शकतो.

थोडं काळं-निळं होणं चालतं. पण कोपराकडे सूज चढत गेली, हात दगडासारखा लागला, बोटं बधिर झाली तर आत रक्त साठत असू शकतं, वॉर्डमध्ये असाल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सिस्टरला उठवा, घरी असाल तर सरळ हॉस्पिटल गाठा. तिथे सुजेच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवतात, सूज रेघेबाहेर गेली की लगेच कळतं.