पॅलेस्टिनी–परदेशी शेतकरी भागीदारी

वेस्ट बँक व गाझा पट्टीतील पॅलेस्टिनी शेतकरी आणि इतर देशांतील शेतकरी संघटना, सहकारी संस्था व न्याय्य व्यापार (उत्पादकाला रास्त भाव देणारा व्यापार) करणारे खरेदीदार यांच्यातील दीर्घकाळचे संबंध. ऑलिव्हच्या हंगामात येऊन राबणे, उखडलेल्या झाडांच्या जागी नवी लावणे, देशी वाण जपणे आणि तेल, बदाम, खजूर थेट विकत घेणे, असे त्याचे अनेक प्रकार आहेत. हे नाते देणगीपेक्षा आपल्याकडच्या सावडीला अधिक जवळचे आहे. पॅलेस्टिनी खेड्यांतही अशी रीत जुनी असून तिला ‘औना’ म्हणतात : ऑलिव्ह उतरवायला किंवा घराचा स्लॅब टाकायला शेजारीपाजारी येतात आणि पुढे त्यांच्याकडे आपण जायचे असते. १९७० च्या दशकात विद्यार्थ्यांच्या श्रमदान समित्यांनी या रीतीला राजकीय वळण दिले. त्याच वातावरणात १९८३ मध्ये पॅलेस्टिनी कृषी साहाय्य समित्या (पार्क) आणि १९८६ मध्ये कृषी कार्य समित्यांचा संघ (यूएडब्ल्यूसी) या संस्था उभ्या राहिल्या. परदेशांशी पुढे जुळलेले बरेचसे संबंध या दोन संस्थांमार्फतच आले.

या सगळ्यात झाडाला इतके महत्त्व का, हे जमिनीचा कायदा पाहिल्याशिवाय कळत नाही. १८५८ च्या ऑटोमन जमीन कायद्यानुसार सबळ कारणाशिवाय सलग तीन वर्षे पडीक ठेवलेल्या जमिनीवरचा कसणाऱ्याचा हक्क जाऊ शकतो. तुर्की साम्राज्य गेले, कायदा मात्र राहिला. इस्रायलने १९८० च्या सुमारास त्याचाच आधार घेऊन वेस्ट बँकेतील मोठे क्षेत्र ‘सरकारी जमीन’ म्हणून जाहीर करायला सुरुवात केली. म्हणजे शेत कसत राहणे हा तिथे मालकीचा पुरावा ठरतो, आणि शेकडो वर्षे जगणारे, पाण्याविना तग धरणारे ऑलिव्ह हा त्यातला सर्वांत टिकाऊ पुरावा. जमीन न सोडता चिवटपणे तिथेच राहण्याच्या या वृत्तीला अरबीत ‘सुमूद’ म्हणतात.

दुसरी अडचण शेतापर्यंत पोचण्याची. इस्रायल व पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातील १९९५ च्या दुसऱ्या ओस्लो करारानंतर वेस्ट बँकेचा सुमारे ६० टक्के भाग ‘क्षेत्र सी’ म्हणून पूर्णपणे इस्रायली नियंत्रणाखाली राहिला. इस्रायलने २००२ पासून वेस्ट बँकेत बांधलेल्या भिंतीमुळे अनेकांची घरे एका बाजूला आणि बागा दुसऱ्या बाजूला गेल्या. पलीकडे जायला परवाना लागतो, आणि परवाना हाती असला तरी शेतीसाठी ठेवलेले फाटक सैनिक येऊन उघडेपर्यंत ताटकळावे लागते. वेस्ट बँकेतील इस्रायली वस्त्यांलगतच्या बागांत तिथल्या वस्तीकरांच्या हल्ल्यांची भीती वेगळीच. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या तोडणीला परदेशी पाहुण्यांना बोलावले जाते. यातले पुष्कळजण शिडीवर पहिल्यांदाच चढलेले असतात, तेव्हा त्यांनी किती किलो फळ उतरवले हे विचारण्यात अर्थ नाही. परदेशी पासपोर्ट आणि कॅमेरा घेऊन ते बागेत उभे असतात, तेच त्यांचे काम. या कामी इस्रायली कार्यकर्तेही येतात. ‘रब्बीज फॉर ह्यूमन राइट्स’ ही संघटना त्यांत विशेष परिचित आहे.

परदेशी पाहुण्यांमध्ये शेतकरी आले की संबंधाचा पोत बदलतो. फ्रान्समधील ‘कॉन्फेदेरासियाँ पेझान’ या संघटनेचे नेते जोझे बोव्हे २००१ मध्ये शिष्टमंडळासह वेस्ट बँकेत गेले. २००२ च्या वसंतात इस्रायली सैन्याने वेढलेल्या पॅलेस्टिनी नेते यासर अराफत यांच्या रामल्लातील मुख्यालयातही ते पोचले. नंतर इस्रायलने त्यांना देशाबाहेर काढले. बोव्हे यांची जडणघडण लार्झाकच्या पठारावर झाली होती. तिथे लष्करी तळाच्या विस्ताराविरुद्ध मेंढपाळ शेतकऱ्यांनी १९७१ ते १९८१ अशी दहा वर्षे झुंज दिली आणि ते जिंकले. त्यामुळे लष्कर जमीन घेते म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१९९३ मध्ये बेल्जियममधील माँस येथे स्थापन झालेल्या ‘ला व्हिया कॅम्पेसिना’ या जागतिक शेतकरी संघटनेत यूएडब्ल्यूसी २०१३ मध्ये सामील झाली. ब्राझीलमधील भूमिहीनांची चळवळ एमएसटी हीसुद्धा याच संघटनेची घटक. तिचे कार्यकर्ते ऑलिव्हच्या तोडणीसाठी पॅलेस्टाइनला जात आले आहेत, आणि २०२३ च्या युद्धात तिने आपल्या वसाहतींमध्ये पिकलेले धान्य गाझासाठी पाठवले. १७ एप्रिलचा जागतिक शेतकरी संघर्षदिन हा एमएसटीच्याच १९ आंदोलकांच्या हत्येची (एल्दोरादो दोस काराजास, १९९६) आठवण आहे. पॅलेस्टाइनमध्येही तो पाळला जातो.

व्यापाराची बाजू दुसऱ्या इंतिफादाच्या (२००० मध्ये सुरू झालेल्या पॅलेस्टिनी उठावाच्या) काळात उभी राहिली. रस्ते बंद, बाजार तुटलेले, तेल घरात पडून, भाव कोसळलेले, अशी तेव्हाची स्थिती होती. २००४ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय ठरले. ब्रिटनमध्ये ‘झैतून’ ही संस्था निघाली. वेस्ट बँकेच्या उत्तरेकडील जेनिन भागात नासेर अबूफरहा यांनी ‘कनान’ ही कंपनी आणि पॅलेस्टाइन न्याय्य व्यापार संघ उभारला. जपानच्या ‘ऑल्टर ट्रेड जपान’ने पॅलेस्टिनी तेल मागवायला सुरुवात केली, फिलिपिन्सच्या नेग्रोस बेटावरील उत्पादकांची साखर आणि केळी जपानी ग्राहक सहकारी संस्थांना पुरवण्याचा अनुभव तिच्या गाठीशी होता. ऑलिव्ह तेलासाठी न्याय्य व्यापाराचा आंतरराष्ट्रीय निकषच तेव्हा नव्हता, म्हणून जेनिनच्या संघाने स्वतःचा तयार केला. २००९ मध्ये पॅलेस्टिनी तेलाला ‘फेअरट्रेड’ची मुद्रा मिळाली. अमेरिकेतील ‘डॉ. ब्रॉनर्स’ ही साबण कंपनी आपले बहुतेक ऑलिव्ह तेल कनानकडून घेते, तर काही इस्रायलमधील उत्पादकांकडून. अशा खरेदीला इस्रायलवरील बहिष्काराच्या चळवळीचे दुसरे नाव समजणे म्हणूनच बरोबर नाही.

निर्यातीने गावातल्या सवयी बदलल्या. पूर्वी ऑलिव्ह पोत्यांत भरून घाण्यावर पाळी येईपर्यंत दिवसेंदिवस पडून राहत. त्याने तेल आंबूस होई, आणि कित्येकांना तीच चव हवी असे. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ प्रतीसाठी मुक्त आम्लता (तेलातील सुट्या मेदाम्लांचे प्रमाण) ०.८ टक्क्याच्या वर जाऊन चालत नाही. त्यासाठी पोत्यांऐवजी हवेशीर क्रेट आले आणि त्याच दिवशी फळ घाण्यावर नेण्याची घाई आली. हापूससारखे ऑलिव्हही एका वर्षी लगडते आणि पुढच्या वर्षी हात आखडता घेते, त्यामुळे दरवर्षी ठरावीक तेल देण्याचा करार पाळणे कठीण. खरेदीदाराने आगाऊ पैसे देणे आणि आड वर्षातही संबंध न तोडणे, यात भागीदारीची खरी परीक्षा होते. उणिवाही उघड आहेत. प्रमाणपत्राचा खर्च लहान शेतकऱ्याला झेपत नाही, माल इस्रायली बंदरांतूनच जातो, आणि तेलाची महाग बाटली घेणारा युरोपातला ग्राहक वर्ग मुळात लहान.

पॅलेस्टिनी शेतकऱ्याकडून परदेशी शेतकऱ्याला काय मिळते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर ‘बअल’ शेतीत आहे. त्या प्रदेशातील प्राचीन कनानी लोकांचा पर्जन्यदेव बअल याच्या नावाने ओळखली जाणारी ही तिथली कोरडवाहू पद्धत : हिवाळी पावसाची ओल मातीत धरून उन्हाळ्यात टोमॅटो, काकडी, कलिंगड सिंचनाशिवाय पिकवायचे. पाऊस बेभरवशाचा होत चाललेल्या कुठल्याही मुलखाला हे ज्ञान आणि ही बियाणी उपयोगाची आहेत. व्हिव्हियन सन्सूर यांनी अशा वाणांसाठी पॅलेस्टाइन वारसा बियाणे ग्रंथालय सुरू केले. यूएडब्ल्यूसीची बियाणे पेढी (देशी वाणांचा साठा) वेस्ट बँकेतील हेब्रॉन शहरात आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये इस्रायलने पॉप्युलर फ्रंट या डाव्या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेशी संबंध असल्याचे सांगून यूएडब्ल्यूसीसह सहा संस्थांना दहशतवादी ठरवले. संस्थांनी आरोप नाकारला. नेदरलँड्सने नेमलेल्या चौकशीत संस्थात्मक किंवा आर्थिक संबंध आढळले नाहीत, काही पदाधिकाऱ्यांचे व्यक्तिगत संबंध मात्र आढळले, आणि २०२२ मध्ये त्या सरकारने निधी थांबवला. त्याच वर्षी युरोपातील नऊ देशांनी इस्रायलकडून ठोस पुरावा न मिळाल्याने या संस्थांबाबतचे आपले धोरण बदलण्यास नकार दिला.

२०२३ च्या हंगामात प्रवेशबंदीमुळे वेस्ट बँकेतील ९६,००० दूनमांहून अधिक बागांची तोडणी झाली नाही. दूनम म्हणजे सुमारे १० गुंठे. हे क्षेत्र जवळपास २४,००० एकर भरते. गाझातील लागवडयोग्य जमिनीपैकी पाच टक्क्यांहून कमी जमीन कसण्याजोगी उरल्याचे अन्न व कृषी संघटनेने मे २०२५ मध्ये नोंदवले. हेब्रॉनच्या पेढीतील बियाण्यांचे नमुने ऑक्टोबर २०२४ मध्ये नॉर्वेतील स्वालबार्डच्या जागतिक बियाणे कोठारात ठेवले गेले होते. ३१ जुलै २०२५ रोजी हेब्रॉनमधील पेढीच्या बियाणे गुणन केंद्रावर (बियाणे पेरून वाढवण्याच्या जागेवर) इस्रायली सैन्याने बुलडोझर चालवला.