फिरत्या वस्तूवरील बिंदूचे त्वरण

स्थिर अक्षाभोवती फिरणाऱ्या घन वस्तूचा प्रत्येक बिंदू वर्तुळात फिरतो. त्याची चाल कायम असली तरी वेगाची दिशा क्षणोक्षणी बदलते, म्हणून त्याला त्वरण असते. त्वरण म्हणजे वेग वाढणे, ही शाळेत बसलेली समजूत इथे आड येते. एकसारख्या फेऱ्यांनी फिरणाऱ्या ड्रमच्या कडेला तर भलतेच मोठे त्वरण असते.

या त्वरणाचे दोन घटक. पहिला अक्षाकडे रोखलेला, तो अभिकेंद्री. दुसरा वर्तुळाच्या स्पर्शरेषेवरचा, तो फेरे वाढत किंवा कमी होत असतील तेव्हाच येतो. वस्तू सेकंदाला किती कोनातून फिरते तो कोनीय वेग, आणि तो बदलण्याचा दर म्हणजे कोनीय त्वरण.

अभिकेंद्री त्वरण = (कोनीय वेग)² × त्रिज्या
स्पर्शिकीय त्वरण = कोनीय त्वरण × त्रिज्या

दोन्ही एकमेकांना काटकोनात असल्याने एकूण त्वरण म्हणजे त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ. कोनीय वेग मात्र रेडियन प्रतिसेकंद हवा (एका पूर्ण फेरीत ६.२८ रेडियन). मिनिटाच्या फेऱ्यांना ९.५५ ने भागले की तो मिळतो. फेरे तसेच सूत्रात घातले तर उत्तर ९१ पट फुगते. वर्तुळाकार गतीतल्या अपकेंद्री ओढीचे नियम ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६७३ मध्ये छापले. न्यूटन यांचा ग्रंथ त्यानंतर, १६८७ चा.

विदर्भात सोयाबीनची सुडी मोडताना वावरात लागणारे थ्रेशर किंवा हडंबा हे याचे चांगले उदाहरण. ड्रमचा व्यास दात्यांच्या टोकापर्यंत ६० सेंमी. आणि फेरे मिनिटाला ६०० धरू. कोनीय वेग ६२.८ रेडियन प्रतिसेकंद, त्रिज्या ०.३ मीटर, टोकाचे त्वरण सुमारे १,१८० मीटर प्रतिसेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या १२० पट. टोकाजवळ बसवलेल्या २०० ग्रॅमच्या दात्याला जागेवर धरून ठेवायला त्याच्या बोल्टला २४ किलो वजनाइतकी ओढ सोसावी लागते, तीही शेंगांचा मार सोडून. बियाण्यासाठी मळणी करताना दाणा फुटू नये म्हणून फेरे ४०० च्या आसपास ठेवायला सांगतात. फेरे एक तृतीयांशाने घटले की बोल्टवरची ही ओढ निम्म्याहून कमी, पावणेअकरा किलोवर येते. उलट, काम लवकर उरकावे म्हणून पुली बदलून फेरे २० टक्क्यांनी वाढवले तर ती ४४ टक्क्यांनी वाढते. सैल झालेला दाता निसटला तर अक्षापासून सरळ बाहेर जात नाही. निसटला त्या क्षणीच्या स्पर्शरेषेने सुटतो. म्हणून ड्रम ज्या प्रतलात फिरतो त्या रेषेत उभे राहणे सर्वांत वाईट.

यंत्र मोटारीवर असेल आणि लाइन गेली तर स्पर्शिकीय घटक दिसतो. समजा, ड्रम सारख्या दराने मंदावत २० सेकंदांत थांबला. कोनीय त्वरण ३.१४ आणि टोकाचे स्पर्शिकीय त्वरण जेमतेम ०.९४. सुरुवातीच्या १,१८० पुढे हे काहीच नाही. दोन्ही घटक बरोबरीला येतात ते फेरे मिनिटाला सुमारे १७ उरतात तेव्हा, म्हणजे थांबायच्या सुमारे अर्धा सेकंद आधी. त्या क्षणी एकूण त्वरण त्रिज्येशी ४५ अंशांचा कोन करते. त्यामुळे व्यवहारातल्या हिशेबात बहुतेक वेळा अभिकेंद्री घटक पुरतो.

अक्ष स्वतःच पुढे सरकत असेल, तर अक्षाचे त्वरणही मिळवावे लागते. बंडी एकसारख्या चालीने जात असेल तर ते शून्य असते. चाक न घसरता फिरत असताना जमिनीला टेकलेल्या बिंदूचा वेग त्या क्षणी शून्य असतो, पण त्वरण शून्य नसते. ते सरळ वर, आसाकडे असते. वेग शून्य म्हणून त्वरणही शून्य, असे लिहिणारे विद्यार्थी कमी नाहीत. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरची त्रिज्या ०.७ मीटर धरली, तर वावरात ताशी ४ किलोमीटरला कडेचे त्वरण १.८ मीटर प्रतिसेकंद वर्गाच्या आत राहते आणि काळी माती नक्षीत घट्ट बसून असते. तोच ट्रॅक्टर डांबरी रोडवर येऊन ताशी २५ धावला की त्वरण ६९ वर जाते. एवढे त्वरण द्यायला चिकटपणा अपुरा पडतो आणि ढेकळे मागच्या मोटारसायकलवाल्याच्या अंगावर येतात.

त्रिज्या नेहमी अक्षापासून लंब मोजायची, वस्तूच्या केंद्रापासून नाही. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथून पृथ्वीच्या अक्षापर्यंतचे अंतर ५,९५० किलोमीटर भरते, पृथ्वीच्या विषुववृत्तीय त्रिज्येइतके ६,३७८ नाही. त्यावरून परिवलनामुळे तिथल्या प्रत्येक वस्तूला मिळणारे त्वरण ०.०३२ मीटर प्रतिसेकंद वर्ग येते.

वरची सूत्रे वस्तूला पक्क्या जोडलेल्या बिंदूसाठी आहेत. ड्रमच्या दात्यावरून बाहेर घसरत जाणाऱ्या शेंगेला ती पुरत नाहीत. तिथे दात्यावरून घसरण्याचे स्वतःचे त्वरण आणि कोनीय वेग व घसरण्याचा वेग यांच्या गुणाकाराची दुप्पट, अशी दोन पदे दिशेसह मिळवावी लागतात. यांतले दुसरे पद कोरिओलिस या फ्रेंच अभियंत्याच्या १८३५ च्या निबंधावरून ओळखले जाते.