प्लग काढला तरी हाय व्होल्टेज आत राहू शकतं

समज असा: प्लग काढला की उपकरण मेलं, आता बिनधास्त उघडा. बल्बच्या बाबतीत हे खरं ठरतं, म्हणूनच पटतं.

जीएम काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारं गायगर-म्युलर उपकरण) किंवा फोटोमल्टिप्लायर (अगदी मंद प्रकाश टिपणारी नळी) यांच्या सप्लायमध्ये मात्र शेकडो ते हजारभर व्होल्ट कपॅसिटरमध्ये साठलेले असतात. ते उतरतात ब्लीडर रेझिस्टरमधून, म्हणजे साठलेला चार्ज हळूहळू उतरवण्यासाठी कपॅसिटरला जोडलेल्या रोधकातून. 1 मायक्रोफॅरड आणि 10 मेगाओहम असेल, तर दर 10 सेकंदांनी व्होल्टेज साधारण 37 टक्क्यांवर येतं. 1000 व्होल्टचे मिनिटभरात अडीचच उरतात. पण ब्लीडर तुटला असेल, तर चार्ज बराच वेळ टिकतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. खरी भीती इथे आहे.

म्हणून नॉब शून्यावर आणा, स्विच बंद करा, प्लग काढा, पाच मिनिटं थांबा. मग कपॅसिटरवरचं व्होल्टेज मोजा. मीटर आधी 9 व्होल्टच्या बॅटरीवर तपासा, मोजून झाल्यावर पुन्हा तपासा. बिघडलेलं मीटरही शून्यच दाखवू शकतं. सप्लाय मीटरच्या कमाल मर्यादेपलीकडचा असेल, तर हाय व्होल्टेज प्रोबच हवा.

उरलेला चार्ज इन्सुलेटेड दांडीला लावलेल्या, पुरेशा व्होल्टेज रेटिंगच्या 100 किलोओहम रेझिस्टरमधून उतरवा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट केल्यास ठिणगी उडते, कपॅसिटर खराब होऊ शकतो. नंतर शॉर्टिंग वायर (कपॅसिटरची दोन्ही टोकं जोडणारी तार) लावूनच ठेवा, कारण काही कपॅसिटरमध्ये व्होल्टेज थोडं परत चढतं.

रबरी चप्पल एका हातातून दुसऱ्या हातात जाणारा करंट थांबवत नाही, म्हणून दुसरा हात पाठीमागे ठेवा. सोलापूरच्या एप्रिल-मेत तर घामेजलेल्या त्वचेचा रोध आणखी घटतो.