सिंहपुच्छ माकड: शिल्लक किती, आणि किती तुकड्यांत?

मराठीत वानर वेगळं आणि माकड वेगळं. वानर पाला ओरबाडतं, माकड गालाच्या पिशव्यांत खाऊ कोंबतं. या हिशेबाने सिंहपुच्छ हे पक्कं माकड, पुस्तकांत सर्रास ‘वानर’ छापलेलं असलं तरी. काळं कुळकुळीत अंग, चेहऱ्याभोवती करड्या केसांची महिरप. त्याच्याच जंगलात निलगिरी वानरही काळंच असतं, त्यामुळे गणतीत गफलत होते. दाट पानांत फक्त शेपूट दिसली तर? लांबलचक लोंबती असेल तर वानर. आखूड आणि टोकाला गोंडा असेल तर सिंहपुच्छ.

जगात ते फक्त पश्चिम घाटात, तेही कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूत. उत्तरेचं टोक म्हणजे कर्नाटकात शिरसी-होन्नावरकडचं अघनाशिनी नदीचं खोरं, दक्षिणेचं तमिळनाडूतले कळक्काडचे डोंगर. जंगल सदाहरितच हवं, बहुधा १,३०० मीटरच्या खालचं. एकूण संख्या फार तर ४,०००. त्यांत प्रौढ २,५००च्या आत. खरी अडचण वेगळीच आहे: एवढीशी माकडं चाळीसहून अधिक तुटक गटांत विखुरली आहेत.

तुकडे का घातक? मादी जन्मभर आपल्या टोळीतच राहते. वयात आलेला नर दुसरी टोळी शोधतो. चौफेर चहाचे मळे असले तर त्याने जायचं कुठून? शेंड्याशेंड्यांवरून फिरणारा हा प्राणी, मोकळ्यावर उतरायला नाखूश. मग त्याच त्या रक्तात वीण होत राहते. मादीला पहिलं पिल्लू सहा-साडेसहा वर्षांची झाल्यावर, पुढचं साधारण तीन वर्षांनी. एक मादी गाडीखाली गेली की ती तूट भरायला वर्षं जातात.

खाण्याचं गणितही जागेप्रमाणे बदलतं. तमिळनाडूतल्या अन्नमलै डोंगरांत, केरळातल्या सायलेंट व्हॅलीकडे भिस्त कुलेनिया या झाडावर. हे ड्युरियन या काटेरी फळाच्या झाडाच्या जवळचं, मलयाळममध्ये वेडिप्लावु. फुलांचे झुपके थेट फांदीच्या सालीवर येतात, फळ काटेरी. माकडं फुलं खातात आणि काट्यांना न जुमानता फळ फोडून बियाही काढतात. अघनाशिनीत कुलेनिया नाही; तिथे उंबराच्या जातीची झाडं, शिवाय जायफळाच्या कुळातल्या झाडांच्या दलदली. (तशी दलदल आपल्या दोडामार्गात बांबर्ड्यालाही आहे, पण सिंहपुच्छ नाही.) अघनाशिनीतल्या माकडांसाठी २०११मध्ये सुमारे ३०० चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र झालं.

अन्नमलैत वाल्पारै गावाजवळ पुदुतोट्टमचा जंगलाचा तुकडा शंभर हेक्टरही नाही, तरी तिथली माकडं वाढली, शंभरावर गेली. या वाढीवर हुरळून जाऊ नये. झाडं विरळ म्हणून ती जमिनीवर उतरतात, रस्ता ओलांडतात, घरांत शिरतात. त्यामुळे दिसतातही सहज. रस्त्यावर शेंडे जिथे जुळत नाहीत, तिथे दोन्ही बाजूंच्या झाडांना पट्ट्यांचे झुलते पूल बांधले आहेत, आणि माकडं ते वापरतात. पूल उपयोगाचा तो फांद्यांच्या उंचीवर आणि माकडांच्या नेहमीच्या वाटेवर असेल तरच. पण रस्त्याकडेला कोणी केळं टाकलं, की पूल सोडून टोळी खाली डांबरावर.