दादरची लोकल आणि पडद्यावरची दरी

परवा भाचीला घेऊन सिनेमाला गेले. तिकिटं उशिरा काढली, म्हणून पुढून तिसरी रांग मिळाली. पडद्यावरचं विमान कड्यावरून खाली झेपावलं आणि तिने माझं मनगट असं आवळलं की नखांचे व्रण उमटले. माझ्याही पोटात गोळा आला. खुर्ची मात्र तसूभरही हलली नव्हती. घरी येईपर्यंत तिला मळमळायला लागलं, तर आईने "गर्दीत नजर लागली पोरीला" म्हणत मीठ-मोहऱ्या हातात घेतल्या. आईची माया खरी, पण निदान साफ चुकीचं. नजरेचाच खेळ होता, पण भाचीच्या स्वतःच्या नजरेचा.

दादरला आपली लोकल थांबलेली असते, शेजारच्या रुळावरची गाडी हळूच सुटते आणि क्षणभर वाटतं, आपलीच निघाली. फलाटाचा खांब दिसला की भ्रम मोडतो. याला 'व्हेक्शन' म्हणतात. एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८७५ मध्येच त्याबद्दल लिहून ठेवलं आहे.

आपण हलतोय हे कळतं कसं? आतल्या कानात एकमेकींशी साधारण काटकोनात बसलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की नलिका वळते, आतला द्रव जडत्वामुळे मागे रेंगाळतो, जेलीसारखा एक पडदा वाकतो आणि त्यात रुतलेले पेशींचे केस मेंदूला खबर देतात. सरळ रेषेतल्या हालचालीसाठी शेजारीच दोन पिशव्या आहेत. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीत असतं त्याच पदार्थाचे, बारीक स्फटिक एका चिकट थरावर पसरलेले असतात. लोकलने झटका दिला की ते मागे सरकतात.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे: ही यंत्रणा वेग मोजतच नाही, वेगातला बदल मोजते. गाडी एकसारखी धावू लागली की स्फटिक जागेवर येतात, कान गप्प. स्थिर बसलेल्या माणसाचा कान आणि एकसारख्या वेगाने सरळ जाणाऱ्याचा कान मेंदूला अगदी एकच निरोप देतात! मग निवाडा डोळ्यांवर येतो. आणि समोरचं सगळंच एका दिशेने सरकत असेल, तर मेंदू म्हणतो, अख्खं जग कसं हलेल? मीच हलत असणार. व्हेक्शन चालू असताना मेंदूच्या प्रतिमा घेतल्या, तेव्हा दृष्टीचे भाग जागे झालेले आणि तोलाची जाणीव ठेवणारे भाग मंदावलेले दिसले.

यासाठी नजरेची कडही भरावी लागते. २० मीटर रुंद पडद्यापासून १० मीटरवर बसलात, तर तो डोळ्यांपुढे ९० अंश व्यापतो. ३० मीटरवर बसलात तर जेमतेम ३७. १५ सेंटीमीटर लांबीचा मोबाइल ४० सेंटीमीटरवर आडवा धरला, तर २१. फोनच्या चौकटीबाहेर भिंत, पंखा, कपाट दिसत राहतं आणि तेच दादरच्या खांबाचं काम करतं. 'थिएटरचा अनुभव आता तुमच्या हातात' ही जाहिरात म्हणूनच खोटी आहे.

आगगाडीचा पहिला सिनेमा बघून लोक जीव घेऊन पळाले, ही गोष्टही मला पटत नाही. तिला भक्कम पुरावा नाही. ७ जुलै १८९६ ला आपल्या काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात रुपयाच्या तिकिटात ती चित्रफीत दाखवली गेली. तीत कॅमेरा जागेवर उभा, फलाट जागेवर, हलते ती गाडी आणि माणसं. प्रेक्षक थक्क झाले असतील, पण आपण पडतोय असं वाटण्याजोगं तिच्यात काही नव्हतं.

भाचीची मळमळ मात्र खरीच. डोळे सांगत होते पडतोय, कान सांगत होता बसलोय, आणि ही तफावत वाढली की पोट ढवळतं. मी तिला सांगितलं, पुढच्या वेळी असं झालं तर दारावरच्या दिव्याकडे बघ, तो हलत नाही. ती म्हणाली, "मग मजाच जाईल ना, मावशी!" तिला पुन्हा तिसरीच रांग हवी आहे.