काळ्या शेपटीचा पाणटिवळा

काळ्या शेपटीचा पाणटिवळा (शास्त्रीय नाव लिमोसा लिमोसा) हा तुतवार कुळातला, उथळ पाण्यात आणि चिखलात चालत अन्न शोधणारा स्थलांतरी पक्षी. त्याची वीण आइसलँडपासून रशियाच्या अतिपूर्व भागापर्यंत होते. हिवाळ्यात तो पश्चिम आफ्रिकेतल्या भातखाचरांपासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत विखुरतो. थंडीत भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर दिसणाऱ्या लांब चोचीच्या मोठ्या थव्यांत हाच पक्षी असतो. जगातली त्याची एकूण संख्या साधारण सहा ते आठ लाख धरली जाते. तरीही आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो २००६ पासून ‘संकटसमीप’ गटात आहे. पसारा मोठा म्हणून पक्षी सुरक्षित, हा समज या जातीच्या बाबतीत टिकत नाही.

ओळख

लांबी सुमारे ४० ते ४४ सेंमी. पाय लांब आणि काळपट, चोच लांब व सरळ, बुडाशी गुलाबी आणि टोकाला काळी. उडताना पंखावरचा ठळक पांढरा पट्टा आणि पांढऱ्या कमरेखालची काळी शेपटी दिसली की ओळख पक्की होते. पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याच्या पंखावर असा पट्टा नसतो आणि त्याची चोच किंचित वर वळलेली असते. मादी नरापेक्षा मोठी व तिची चोचही अधिक लांब. हिवाळ्यात दोघेही करडे-भुरे दिसतात. विणीच्या काळात मान आणि छाती विटकरी तांबड्या रंगाची होते. हा रंग नरावर अधिक गडद असतो.

चोचीची रचना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. चिखलात खोलवर खुपसलेली असतानाही तिचे फक्त टोक उघडता येते, त्यामुळे बाकीची चोच मिटलेली ठेवून गांडूळ किंवा अळी पकडता येते. अर्थात, त्यासाठी जमीन मऊ असावी लागते. या पक्ष्याच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

प्रसार

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये या जातीचे वर्णन केले. लिमोसा हे नाव चिखल या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. तिच्या चार उपजाती मानल्या जातात. ‘लिमोसा’ ही पश्चिम युरोपापासून मध्य आशियापर्यंत, ‘आयलँडिका’ मुख्यतः आइसलँडमध्ये आणि ‘मेलानुरॉइडिस’ मंगोलिया, उत्तर चीन व पूर्व सायबेरियाकडे वीण करते. चौथी ‘बोहाई’ २०२० मध्ये वेगळी म्हणून नोंदवली गेली. स्थलांतरात ती चीनच्या बोहाई उपसागराच्या चिखलपट्ट्यांवर थांबते. पीत समुद्राच्या काठावरचे असे पट्टे भराव घालून मोठ्या प्रमाणावर बुजवले गेले. २०१८ मध्ये चीनने व्यापारी भरावांना आळा घातला आणि २०१९ मध्ये या किनाऱ्याच्या काही भागाला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला.

नेदरलँड्समधील घसरण

पश्चिम युरोपातल्या लिमोसा उपजातीच्या चार-पंचमांशाहून अधिक जोड्या एकट्या नेदरलँड्समध्ये वीण करतात. तिथे या पक्ष्याला त्याच्या हाकेवरून ‘ग्रुट्टो’ म्हणतात, फ्रिसलंड प्रांतात ‘स्क्रीस’. २०१५ मध्ये तो राष्ट्रीय पक्षी म्हणून निवडला गेला. तोवर १९६०-७० च्या सुमाराच्या जवळपास १,२०,००० जोड्यांपैकी ३०,००० च्या आसपासच उरल्या होत्या.

या घसरणीत शेतकऱ्याने पक्ष्याशी वैर धरले असे काही नाही. पूर्वीच्या हलक्या खतावरच्या, ओलसर, फुलांनी भरलेल्या कुरणांत दूधधंदा आणि पाणटिवळा शेजारी नांदत होते, किंबहुना त्या कुरणांमुळेच तिथे त्याची संख्या इतकी वाढली होती. नंतर चर खणून पाण्याची पातळी खाली नेली गेली, रासायनिक खते वाढली आणि नाना जातींच्या गवतांच्या जागी एकाच जातीचे दाट, झटपट वाढणारे गवत आले. गवत लवकर वाढू लागले तशी कापणीही लवकर होऊ लागली.

पाणटिवळा जमिनीवरच्या खळग्यात साधारण चार अंडी घालतो. तीन-सव्वातीन आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात. आईबाप त्यांना भरवत नाहीत. ती पहिल्या दिवसापासून स्वतःच गवतावरचे किडे टिपतात. उडता येईपर्यंत साडेतीन-चार आठवडे जातात. एवढ्या दिवसांत यंत्र आले तर पिल्लू पळत नाही, दबून बसते आणि पात्याखाली सापडते. वाचले तरी कापलेल्या मोकळ्या रानात कोल्हा, कावळा आणि शिकारी पक्षी यांच्यापासून लपायला आडोसा नसतो. दाट गवतात पिल्लाला नीट चालताही येत नाही आणि किडेही कमी मिळतात. पाणी उतरून घट्ट झालेल्या जमिनीत मोठ्या पक्ष्यांची चोच शिरेना, ही अडचण वेगळीच.

हे दुखणे बराच काळ ठळकपणे जाणवले नाही, कारण मोठे पक्षी दीर्घायुषी असतात. वीस वर्षांहून अधिक जगल्याच्या नोंदी आहेत. तेच पक्षी दर मार्चमध्ये त्याच कुरणावर परततात, त्यामुळे रान भरलेले वाटते. मागे नवी पिढी मात्र उभी राहत नाही. ग्रोनिंगन विद्यापीठाचे टॉइनिस पियर्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रिसलंडमध्ये अनेक वर्षे पायांत रंगीत कडी घालून या पक्ष्यांचा मागोवा घेतला, तेव्हा हे आकड्यांत दिसले.

उपाय माहीत आहेत. काही भागात जूनच्या मध्यापर्यंत कापणी लांबवणाऱ्या शेतकऱ्यांना मोबदला मिळतो, स्वयंसेवक घरट्यांभोवती खुणा लावतात, काही कुरणांत पाण्याची पातळी पुन्हा वर आणली जाते. पण केवळ घरटे राखून पुरत नाही, पिल्लाला वाढायला सलग ओले कुरण लागते. अशा जमिनीचे क्षेत्र अजून अपुरे असल्याने घसरण थांबलेली नाही.

आइसलँडचे उलटे चित्र

याच काळात आयलँडिका उपजाती वाढली. विसाव्या शतकाच्या आरंभी ती आइसलँडच्या दक्षिणेकडच्या सखल भागापुरती, काही हजारांवर होती. आज तिची संख्या ५०,००० च्या पुढे आहे. तिथे हवामान उबदार झाले आणि शेती वाढूनही ओलसर जमीन शिल्लक राहिली. हे पक्षी हिवाळा ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स, पोर्तुगालकडे काढतात. नर-मादी सरासरी हजारेक किलोमीटर अंतरावर हिवाळा काढूनही विणीच्या जागी साधारण तीन दिवसांच्या फरकाने पोहोचतात, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

हिवाळी मुक्काम

नेदरलँड्समधले पक्षी जून-जुलैतच निघतात. काही सेनेगल, गिनी-बिसाऊपर्यंत न थांबता चार हजार किलोमीटरहून अधिक उडतात, काही स्पेन-पोर्तुगालमध्ये राहतात. परतीच्या वाटेवर, जानेवारी-फेब्रुवारीत, स्पेन-पोर्तुगालच्या भातखाचरांत सांडलेला दाणा हे त्यांचे मुख्य अन्न असते. भातशेती बंद पडली किंवा पाणी कमी पडले तर त्याचा फटका थेट त्यांना बसतो. लिस्बनजवळ तेजो नदीच्या मुखाशी मोंतिजो येथे विमानतळ बांधण्याच्या प्रस्तावाला नेदरलँड्समधूनही विरोध झाला, तो याच पक्ष्यासाठी. फ्रान्समध्ये त्याच्या शिकारीवर २००८ पासून स्थगिती आहे. इंग्लंडमध्ये मोजक्याच जोड्या उरल्यामुळे २०१७ पासून काही वर्षे अंडी उबवून, पिल्ले उडण्याइतकी मोठी करून सोडण्याचा प्रयोग झाला.

भारत आणि महाराष्ट्र

भारत स्थलांतरी पक्ष्यांच्या मध्य आशियाई उड्डाणमार्गावर येतो. चिलिका, भरतपूर, नळ सरोवर, पाँग धरण, कोडियकराई अशा अनेक ठिकाणी हे पक्षी हिवाळा काढतात. महाराष्ट्रात ठाणे खाडी, नांदूर मध्यमेश्वर, जायकवाडी आणि उजनी ही त्यांची ठिकाणे. नांदूर मध्यमेश्वर (२०२०) आणि ठाणे खाडी (२०२२) यांना रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा आहे. २०२० मध्ये स्थलांतरी प्राण्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराची परिषद गांधीनगरला झाली. त्याआधीच भारताने या उड्डाणमार्गासाठी २०१८ ते २०२३ चा राष्ट्रीय कृती आराखडा आखला होता.

उजनी, जायकवाडी ही धरणे पक्ष्यांसाठी बांधलेली नाहीत. पावसाळ्यानंतर पाणी ओसरत जाते तसा काठचा गाळ उघडा पडतो आणि पाणटिवळ्याला लागतो तो नेमका हा घोटाभर पाण्यातला मऊ गाळ. शेतकऱ्यासाठी तीच गाळपेर जमीन असते. त्यामुळे पाणी किती वेगाने सोडले, जलपर्णी किती पसरली, वाळूउपसा कुठे चालू आहे, यावर थवा कुठे उतरणार हे ठरते. भरलेले धरण त्याच्या कामाचे नाही आणि कोरडे पडलेलेही नाही. पाणथळ जागांचे रक्षण म्हणताना आपल्याकडे अजून पाणीच मोजले जाते. काठचा चिखल मोजला जात नाही, ही उणीव मोठी आहे.

पक्षी साधारण सप्टेंबरपासून दिसू लागतात. मार्च-एप्रिलमध्ये थव्यातल्या काहींच्या माना तांबूस होऊ लागल्या की ते उत्तरेकडे निघण्याच्या बेतात आहेत असे समजावे.