लेडरबर्ग, एस्थर
(१८ डिसेंबर १९२२ – ११ नोव्हेंबर २००६). अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि जीवाणू आनुवंशिकीच्या आद्य संशोधकांपैकी एक. जन्म न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्स येथे. हंटर कॉलेजातून पदवी (१९४२), स्टॅनफर्ड विद्यापीठातून एम.ए. (१९४६) आणि विस्कॉन्सिन विद्यापीठातून पीएच.डी. (१९५०). १९४६ मध्ये त्यांचा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांच्याशी विवाह झाला.

एश्चेरिकिया कोलाय या जीवाणूच्या के-१२ वाणात सुप्तावस्थेत राहणारा लॅम्डा हा जीवाणुभक्षी विषाणू त्यांनी १९५०-५१ च्या सुमारास शोधला. जंबुपार किरण दिलेला एक वाण के-१२ बरोबर वाढवताना काही वसाहती (थाळीवर वाढलेले जीवाणूंचे ठिपके) कुरतडल्यासारख्या दिसल्या, तेथून या शोधाला सुरुवात झाली.

मखमली ठशाच्या पद्धतीचे (रेप्लिका प्लेटिंग, १९५२) श्रेय वादग्रस्त आहे. या पद्धतीत लाकडी ठोकळ्यावर निर्जंतुक मखमल ताणून ती मूळ थाळीवरील वसाहतींवर टेकवतात आणि तोच ठसा एकामागून एक नव्या थाळ्यांवर उठवतात. मखमलीचे उभे धागे शेकडो सुयांचे काम करतात. स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक घातलेल्या थाळ्यांवर प्रतिकारक्षम वसाहती दर वेळी त्याच जागी उगवल्या. म्हणजे उत्परिवर्तन (जनुकांतील बदल) औषधामुळे घडत नसून ते आधीपासूनच असते. निबंधावर पती-पत्नी दोघांची नावे असून जोशुआ यांचे आधी आहे. एस्थर यांनी प्रथम प्रसाधनाच्या डबीतील पावडरचा पफ वापरून पाहिला, अशी हकिगत सांगतात; ती नंतरच्या आठवणींवर आधारलेली आहे. तरी योग्य कापड निवडून पद्धत हाती बसवण्याचे काम मुख्यतः त्यांचे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जीवाणूंमधील एफ घटकावरील (एका जीवाणूतून दुसऱ्यात जनुके नेण्यास कारणीभूत घटक) १९५२ च्या निबंधातही त्या सहलेखिका आहेत.

१९५८ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा जोशुआ यांना मिळाला; उरलेला आनुवंशिकीतज्ज्ञ जॉर्ज बीडल व एडवर्ड टेटम यांना. बीडल हे एस्थर यांचे एम.ए.च्या काळातील स्टॅनफर्डमधील शिक्षक. १९५९ मध्ये हे दांपत्य स्टॅनफर्डला आले. तेथे जोशुआ विभागप्रमुख झाले, तर एस्थर यांना कायम प्राध्यापकपद कधीच लाभले नाही. १९६६ मध्ये घटस्फोट झाला. १९७६ पासून सुमारे दहा वर्षे त्यांनी तेथील प्लाझ्मिड (जीवाणूंतील मुख्य गुणसूत्राहून वेगळे डीएनए वलय) संदर्भ केंद्र सांभाळले. जगभरातून आलेल्या प्लाझ्मिडांची व ट्रान्सपोझॉनांची (जागा बदलणाऱ्या डीएनए तुकड्यांची) नावे-क्रमांक एकमेकांत मिसळू नयेत, हे त्या पाहत. रेकॉर्डर या बासरीसारख्या जुन्या युरोपीय वाद्याच्या वादनातही त्यांना गती होती. स्टॅनफर्ड येथे त्यांचे निधन झाले.